एवढ्याशा रेणूंशी भांडण

बाकीच्यांचं बरं असतं. काही घडलं की चार लोकांना सांगतात, हसतात आणि विसरतात. पचलं, संपलं! आमच्या मंडळींचं तसं नाही. आमच्या पोरांच्या अंगात नको त्या गोष्टी साठत जातात, तसे आमच्याकडे किस्से साठत जातात. वेळेवर बाहेर काढले नाहीत तर डोक्याला ताप. म्हणून काढते.

आमची मंडळी म्हणजे नाशिकला मुलांच्या ओपीडीबाहेर शनिवारी बाकड्यावर बसलेली माणसं. साधी सर्दी-खोकल्याची ओपीडी नाही. इथे येणाऱ्या प्रत्येक पोराच्या अंगातलं एखादं प्रोटीन जन्मापासून काम करत नाही. बाकड्यावर एका टोकाला मालेगावची शबाना आणि तिचा झैद, दुसऱ्या टोकाला कळवणचे गॅरेजवाले भाऊसाहेब आणि त्यांचा ओम, मध्ये मी आणि माझी रेवा. मी अंबडला एका कंपनीत परचेसला आहे. दिवसभर सप्लायरशी भांडायचं, हाच माझा पोटापाण्याचा धंदा. तो असा घरीही उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं!

रेवा जन्मली तेव्हा तिच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला होता. रिपोर्ट आला आणि तो घेऊन आम्ही दोघांनी ही ओपीडी गाठली. मग आमच्या डॉक्टर मॅडम भेटल्या. उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, पण आवाज असा की वॉर्डातली रडणारी पोरं गप्प बसतात.

मॅडम म्हणाल्या, "डाळीत, दुधात, अंड्यात फिनाइलअॅलनिन नावाचा एक छोटा रेणू असतो. तुमच्या-माझ्या यकृतातलं एक प्रोटीन त्याला पकडतं आणि त्याचा दुसरा रेणू करून टाकतं. रेवाचं ते प्रोटीन नीट घडलेलं नाही. त्यामुळे तो रेणू रक्तात साठत जाणार आणि मेंदूला इजा करणार. आपण तो साठू द्यायचा नाही. बस!"

माझा नवरा संदीप हळूच म्हणाला, "म्हणजे किल्ली आणि कुलुपासारखं का?"

"कुलूप दाराला असतं, जागचं हलत नाही," मॅडम म्हणाल्या. "प्रोटीन सारखं हलत असतं. कुलूप म्हणू नका, त्याचा अपमान होतो!"

पोरीच्या आजाराचं ऐकून रडायला गेलेले आम्ही दोघं प्रोटीनची माफी मागून बाहेर आलो.

*

फिनाइलअॅलनिन हा शब्द सासूबाईंना झेपला नाही. त्यांनी त्याचं सरळ 'फिनेल' केलं.

घरात ते चालून गेलं. "दुधात फिनेल जास्त असतं, बटाट्यात कमी," असं त्या शेजारणींना समजावून सांगायच्या आणि शेजारणी दूधवाल्याकडे संशयाने बघायच्या.

मग आला माझ्या चुलतदिराच्या लग्नाचा प्रसंग. गंगापूर रोडला मोठा हॉल, टेबल-खुर्च्यांची पंगत. रेवा तीन वर्षांची. वाढपी आला आणि तिच्या ताटात पनीरची भाजी वाढायला वाकला. सासूबाई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. तिथून त्या कडाडल्या, "अरे थांब! पनीरमध्ये फिनेल आहे! मुलीला देऊ नकोस!"

मग एका बाईंनी हळूच तोंडातला घास रुमालात काढला. दुसऱ्या बाईंनी ताट सरकवलं. बघता बघता अख्ख्या रांगेने पनीर टाकलं!

केटरर घाम पुसत आला. "आजी, काय बोलता! आमचं पनीर एकदम फ्रेश आहे."

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "फ्रेश असू दे. फ्रेशमध्ये पण फिनेल असतंच. डॉक्टरांनी सांगितलंय!"

*

रेवाला डाळ नाही, दूध नाही, शेंगदाणे नाहीत, मटकी नाही. पोळीसुद्धा वेगळ्या पिठाची. सकाळ-संध्याकाळ एक पावडर पाण्यात कालवून प्यायची. तिचा वास असा की आमची मांजर खोलीबाहेर जाते. पण साबुदाणा चालतो! त्यात प्रोटीन जवळपास नसतंच. त्यामुळे बिनदाण्याची साबुदाण्याची खिचडी हा आमच्या पोरीचा नेहमीचा डबा.

आमच्या सोसायटीतल्या काकूंनी तो डबा सोमवारी पाहिला, मंगळवारी पाहिला, गुरुवारी पाहिला. शुक्रवारी त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठलं.

"वैशाली, धर्म-बिर्म ठीक आहे गं. पण एवढ्याशा लेकराला रोज उपास?"

मी सगळं समजावून सांगितलं. रेणू, प्रोटीन, मेंदू. लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचली तरी मी बोलतच होते. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते असेल गं. पण थोडं थोडं द्यावं, म्हणजे सवय होते."

हे 'थोडं थोडं द्यावं' मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता मी उत्तर ठरवून टाकलंय. मी म्हणाले, "काकू, तुम्हाला शिडीवरून थोडं थोडं ढकलू का? सवय होईल!"

त्या दिवसापासून काकू जिन्याने जातात.

पंचवटीतल्या देवळात मात्र मला तोंड उघडावं लागलं नाही. गुरुजींनी रेवाच्या हातावर पेढा ठेवला. मी पुढे होणार, तेवढ्यात तिने तो दोन्ही हातांनी परत केला. चार वर्षांची असेल.

"मला पेढा चालत नाही," ती म्हणाली.

गुरुजी प्रेमाने म्हणाले, "बाळ, देवाच्या प्रसादाला नाही म्हणू नये."

"मग देवाला सांगा ना द्राक्षं ठेवायला! द्राक्षं मला चालतात."

गुरुजी आधी माझ्याकडे आणि मग देवाकडे बघत राहिले. पुढच्या वेळी आम्ही गेलो, तर गाभाऱ्याबाहेर ताटलीत द्राक्षांचा घोस! गुरुजी म्हणाले, "काही हरकत आली नाही. मी विचारून घेतलं."

*

आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला तेव्हा नाव काय ठेवायचं यावर चर्चा झाली. शबानाने 'उम्मीद' सुचवलं. मी म्हटलं, असल्या नावाचे ग्रुप म्यूट होतात. शेवटी ठरलं, आपली सगळी भांडणं ज्याच्याशी आहेत त्याचंच नाव द्यायचं. ग्रुपचं नाव ठेवलं 'रेणू'.

इथेच घोळ झाला.

भाऊसाहेबांची बायको सुनीता कळवणला असते. धाकटं बाळ अंगावरचं, म्हणून ती ओपीडीला कधी आली नव्हती. एके दिवशी भाऊसाहेब आंघोळीला गेलेले आणि फोन वाजला. स्क्रीनवर 'रेणू', आणि खाली मेसेज: 'शनिवारी अकरा वाजता नक्की या. वाट बघतोय.'

भाऊसाहेबांनी टॉवेल गुंडाळूनच ग्रुप दाखवला, सभासद दाखवले, शपथा घेतल्या. उपयोग शून्य. शनिवारी सुनीता बाळाला काखेत घेऊन ओपीडीत हजर!

"कुठं हाय ती रेणू? बाहेर बोलवा तिला!"

आम्ही सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागलो. भाऊसाहेब भिंतीकडे तोंड करून उभे. आवाज ऐकून मॅडम बाहेर आल्या. त्यांनी दोन मिनिटांत काय ते ओळखलं. सुनीताला हाताला धरून आत नेलं, कागदावर एक षटकोन काढला, त्याला एक शेपटी काढली. "ही बघा रेणू. या रेवाला छळणारी ही. तुमच्या ओमला छळणारी दुसरी आहे, तीही दाखवते."

सुनीताने कागद हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला.

"एवढीशी हाय?" ती म्हणाली. "आन् एवढीशीनं आमचं घर उभं-आडवं करून टाकलं?"

मग ती बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "पुढच्या खेपंला मी बी येणार. मला हिच्याशी बोलायचंय!"

आणि खरंच, तेव्हापासून ती एकही शनिवार चुकवत नाही.

*

ओमच्या तांबड्या पेशींमध्ये एक प्रोटीन कमी पडतं. पेशींवर हल्ला झाला की त्यांना वाचवायचं काम त्याचं. साध्या डांबर गोळ्या, आपण कपाटात ठेवतो त्या! त्यांच्या वाफेतला रेणू अंगात गेला तरी ओमच्या पेशी फुटायला लागतात. तान्हा असताना ट्रंकेतल्या गोधडीत गुंडाळला, तर दुसऱ्या दिवशी पिवळाधमक, लघवी चहाच्या रंगाची. तेव्हापासून भाऊसाहेब कुठल्याही घरात शिरले की आधी वास घेतात, मग नमस्कार करतात.

मेव्हण्याच्या लग्नात कार्यालयात शिरले आणि थबकले. हात धुवायच्या बेसिनमध्ये पांढऱ्या गोळ्या! प्रत्येक बेसिनमध्ये!

मॅनेजरला म्हणाले, "ह्या गोळ्या काढा, माझ्या पोराला चालत नाय."

मॅनेजर म्हणाला, "पोराला आत ठेवा मग."

"पोरगं लग्नाला आलंय, कपाटात ठू का त्याला?"

"साहेब, गोळ्या काढल्या तर वास मारतो. लोक तक्रार करतात."

भाऊसाहेबांनी एक पिशवी मागवली. बाहीचं बटण काढलं, बाही वर सरकवली, आणि एकेका बेसिनमधून गोळ्या उचलून पिशवीत भरायला लागले. सूट-बूट, डोक्याला फेटा आणि बेसिनमध्ये हात! मॅनेजर मागून ओरडतोय, वऱ्हाडी जमलेत, मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ.

मॅनेजर शेवटी हात जोडून म्हणाला, "अहो, तुम्ही आहात तरी कोणाकडचे? मुलाकडचे की मुलीकडचे?"

भाऊसाहेबांनी पिशवीला गाठ मारली आणि म्हणाले, "मी रक्ताकडचा!"

*

एक छोटासा किस्सा. रेवाला ताप होता. मेडिकलमध्ये सिरप घेतलं, लेबल वाचलं, परत केलं. शुगर-फ्री होतं. त्यात साखरेऐवजी जे घालतात, त्यातून नेमका आमचा तोच रेणू निघतो.

दुकानदार म्हणाला, "ताई, उलट चांगलंय! यात साखर अजिबात नाही, बिनधास्त द्या."

माझा आवाज चढला. "अहो, साखर द्या! साखरच द्या! साखरेने आमचं काही वाकडं होत नाही!"

मागे रांगेत डायबेटिसची औषधं घ्यायला आलेली मंडळी होती. त्यातले एक आजोबा इतक्या हेव्याने माझ्याकडे बघत होते की मला ओशाळल्यासारखं झालं.

*

शबाना ही आमच्यातली सगळ्यात मऊ बाई. झैद तान्हा असताना त्याचे केस गळाले, अंगावर चट्टे उठले, मग फिट्स. बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं. ते वापरून झालं की सोडवून पुन्हा कामाला लावणारं प्रोटीन झैदकडे नाही. इलाज काय, तर रोज बायोटिनची गोळी. फिट्स थांबल्या, केस आले. असे दाट आले की शबाना त्याला टोपी घालेना. म्हणायची, "दिखने दो सबको!"

पण घरात झैदचे दादा होते. शबानाचे सासरे. तरुणपणी कुस्ती केलेले, नंतर जन्मभर लूमवर उभे राहिलेले. गळ्यातल्या आवाजाने घर हलवणारा माणूस. त्यांचं म्हणणं, पोरगा गोळ्यांवर कसा वाढेल? त्यांनी सकाळी नातवाला दुधात कच्ची अंडी फेटून द्यायला सुरुवात केली. रोज.

काही आठवड्यांनी झैदचे केस पुन्हा विरळ.

शबानाला कळलं तसं ती सासऱ्यांना म्हणाली, "अब्बा, आज आप भी मेरे साथ नाशिक चलेंगे." लग्न झाल्यापासून तिने त्यांच्यासमोर मान वर केली नव्हती. ते म्हणाले, काम आहे. ती म्हणाली, "तो काम बंद रहेगा." आणि बुरखा घालून दारात उभी राहिली. ते निघेपर्यंत हललीच नाही!

मॅडमच्या खोलीत दादा खुर्ची भरून बसले. मॅडम म्हणाल्या, "चाचा, अंड्याच्या कच्च्या पांढऱ्यात एक प्रोटीन असतं. ते बायोटिनला असं पकडतं की सोडतच नाही. पोराची गोळी पोटात गेली की हे तिला धरून बसतं. अंगाला काही मिळत नाही."

दादांनी भुवया उचलल्या. कुस्तीचा माणूस, एकच शब्द त्यांच्या कानात शिरला होता.

"पकड? कैसी पकड?"

मॅडमनी एका हाताच्या मुठीत दुसऱ्या हाताचं बोट घट्ट आवळून दाखवलं.

"छूटती नहीं?"

"आपोआप नाही सुटत."

"ताकद लगाए तो?"

"नाही. फक्त उकळल्यावर तुटते. उकडलेलं अंडं खुशाल द्या."

दादांनी स्वतःच्या पंजाकडे पाहिलं, मग झैदकडे पाहिलं. मान हलवून म्हणाले, "इतने साल अखाडे में गए. और असली पहलवान तो अंडे में बैठा था!"

शबाना म्हणते, आता मोहल्ल्यात कोणी कच्चं अंडं फोडताना दिसलं की दादा रस्त्यातून ओरडतात, "पहले उबालो उसको! छोडेगा नहीं!"

*

रेवा चौथीत असताना शाळेत पेपर होता. प्रश्न आला, 'आहारात प्रथिने नसतील तर काय होईल?' पोरीने लिहिलं, 'काही होत नाही. मी वर्गात तिसरी आले आहे आणि खो-खोत आहे.'

बाईंनी शून्य दिलं.

मी अर्धी सुट्टी टाकून शाळेत. बाई चांगल्या होत्या, पण पुस्तक सोडायला तयार नव्हत्या. "वाढ खुंटते, अशक्तपणा येतो, असं लिहायला हवं होतं."

मी खिडकीतून मैदानाकडे बोट दाखवलं. रेवा एका धिप्पाड पोराला चकवून पळत होती. "बाई, ती बघा खुंटलेली वाढ!"

अर्धा मार्क मिळाला. मी तो पेपर घेऊन युद्ध जिंकल्याच्या थाटात मॅडमकडे गेले. मॅडमनी वाचला, हसल्या, आणि म्हणाल्या, "शून्यच बरोबर होतं."

"काय?"

"रोज ती जी पावडर पिते, ते प्रोटीनचेच सुटे भाग आहेत, फक्त तो एक रेणू सोडून. पावडर बंद केली तर बाईंनी सांगितलं तेच होईल. उत्तर साफ चूक आहे."

सगळ्या नाशिकात मला गप्प करणारी ही एकच बाई!

"पण पेपर परत मिळणार नाही," त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. "हा मी नव्या आईबापांना दाखवणार."

*

आणि आता तो गोळीचा दिवस.

मॅडम बरीच वर्षं एका गोळीच्या मागे होत्या. रेवाच्या त्या बिघडलेल्या प्रोटीनला मदत करणारा एक छोटा रेणू अंगात असतोच. तोच गोळीतून भरपूर दिला, तर काही मुलांमध्ये प्रोटीनची घडी सावरते आणि ते काम करायला लागतं. काही मुलांमध्ये. सगळ्यांमध्ये नाही. मॅडमनी हे आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं. आम्ही पुन्हा पुन्हा मान हलवली आणि मनात एकदाही ऐकलं नाही.

गोळी मिळाली. रेवाने ती घेतली. रक्त आधी दिलं, नंतर दिलं, मग पुन्हा दिलं. सुई टोचताना ती नर्सला म्हणाली, "डाव्या हाताला टोचा, उजव्याने मला चित्र काढायचंय."

रिपोर्टच्या शनिवारी झैदची तपासणी सकाळीच झाली होती, तरी शबाना मालेगावची गाडी सोडून बसून राहिली. भाऊसाहेब आणि सुनीता थांबले. सासूबाई पहिल्यांदाच ओपीडीला आल्या होत्या. रिक्षात त्यांनी माझ्या कानात सांगितलं, "मी मटकी भिजत घातलीये. संध्याकाळी मिसळ करू. तिला आवडेल ना गं तिखट?"

मी म्हटलं, "आवडेल."

आत मॅडमनी आम्हाला बसवलं. त्या नेहमी आधी बोलतात, मग बसतात. त्या दिवशी आधी बसल्या.

"नाही झालं," त्या म्हणाल्या. "रक्तातला आकडा हलला नाही."

संदीप माझ्या शेजारी होता. संदीप म्हणजे हॉटेलात दुसऱ्याची भाजी टेबलावर आली तरी गुपचूप खाऊन पैसे देणारा माणूस. तो चष्मा काढून पुसायला लागला आणि पुसतच राहिला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी सप्लायरला झाडते तसं कोणाला तरी झाडायला तोंड उघडलं, पण समोर झाडण्यासारखं कोणी नव्हतंच.

रेवा खुर्चीवर पाय हलवत बसली होती. तिने विचारलं, "पण ती गोळी आत पोचली का?"

"पोचली," मॅडम म्हणाल्या.

"माझ्या प्रोटीनपर्यंत?"

"पार त्याच्यापर्यंत."

"मग?"

"मग काही नाही. तुझ्या प्रोटीनची घडणच अशी आहे. ते तिला दाद देत नाही."

"म्हणजे ती येऊन सांगते, काम कर, आणि ते करतच नाही?"

"करतच नाही."

"कितीही गोळ्या दिल्या तरी?"

"कितीही दिल्या तरी."

रेवाचे पाय थांबले. तिने थोडा विचार केला. चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं, एवढं मी आई म्हणून सांगू शकते.

"हे एवढं हट्टी प्रोटीन मला मिळालं कुणाकडून?"

मॅडम काही बोलायच्या आत संदीपने चष्मा डोळ्यांवर चढवला. घसा खाकरून म्हणाला, "दोघांकडून, बाळा. अर्धं आईकडून आणि अर्धं माझ्याकडून."

रेवाने त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट पाहून घेतलं.

"तुझ्याकडून?" ती म्हणाली. "बाबा, तू हट्टी आहेस, हे कधी बोलला नाहीस!"